रशीदभाईंचे डोळे

यंदा क्रौंच उशिरा आले. मार्गशीर्ष निम्मा सरला तरी आभाळ रिकामंच होतं. मी रोज पहाटे गच्चीवर जाऊन कान लावून उभा राहायचो. या वयात थंडीत उघड्यावर उभं राहू नका, असं मुलगा फोनवर बजावतो. मी हो म्हणतो आणि मफलर गुंडाळून जिना चढतो. परवा एकदाचा तो आवाज आला. आधी इतका पुसट, की लांब कुठंतरी वंगण आटलेलं चाक फिरतंय असं वाटावं. मग चाकं वाढत गेली. उजाडता उजाडता येरमाळ्याच्या डोंगरांकडून त्यांची लांब, मोडकी रेघ गावावर आली आणि तलावाकडं सरकली. मधूनच थव्यातली पिल्लं शीळ घातल्यासारखी बारीक ओरडत होती. एवढी वाट ती पहिल्यांदाच उडून आली असणार.

हा आवाज ऐकला की मला दरवर्षी आनंद होतो, आणि तो पुरता व्हायच्या आत मी जिना उतरून खाली येतो. त्याचं कारण मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. एका हिवाळ्यात मी एका पक्ष्याला भलतं नाव दिलं, आणि ते नाव टिकावं म्हणून रशीदभाईंचे डोळे गेलेत असं भर बाजारात सांगितलं. रशीदभाई घड्याळं दुरुस्त करायचे.

बाहेरच्या माणसांना आमच्याकडं पाणपक्षी येतात असं सांगितलं तर ती हसतात. पाणपक्षी म्हटलं की त्यांना खाडी आठवते, खारफुटी आठवते. आमचा जिल्हा पेपरात येतो तो टँकरच्या बातमीत. पण परांड्याच्या अंगाला, सोनारीच्या वाटेवर एक जुना तलाव आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी हळूहळू मागं सरतं आणि काठानं काळा, मऊ, लुसलुशीत गाळ उघडा पडतो. त्या गाळात लोक हरभरा पेरतात, आणि पेर उगवते न उगवते तोच पाहुणे येऊन ठेपतात. आधी धोबी येतो, शेपटी वरखाली करत. मग तुतारीच्या जातीची छोटी छोटी पाखरं चिखलावर धावायला लागतात. थापट्या बदकं पाण्यात चोच बुडवून एकामागं एक गोल फिरतात, जणू मळणीच सुरू आहे. सकाळच्या उन्हात चक्रवाक तर असा पेटतो की विटकरी रंग म्हणजे काय ते तेव्हा कळतं. सगळ्यांत शेवटी क्रौंच. राखाडी अंग, काळी मान, कानामागं पांढऱ्या पिसांचे झुबके. रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात आणि सकाळी शेतात उतरतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मूळचा बेंबळीचा, बदली होऊन या गावात आलो आणि सासुरवाडीची शेती तलावाला लागून होती म्हणून इथंच राहिलो. तलावाच्या पाण्याची पातळी हा माझ्या कामाचा भाग होता. पातळी बघायला जाता जाता पक्षी बघायला लागलो. एका मावसभावानं जुनी दुर्बीण दिली. एका पावसाळ्यात तिच्या काचेआड बुरशी धरली. पुण्याला पाठवायची म्हणजे हिवाळा गेलाच, म्हणून मी ती बाजारपेठेतल्या रशीदभाईंकडं नेली. टपरीएवढं दुकान. भिंतीवर घड्याळंच घड्याळं, प्रत्येकाचं वेगळंच वाजलेलं. रशीदभाईंनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं, दुर्बीण उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "घड्याळ न्हाय हे. पण उघडतंय का बघू." दुसऱ्या दिवशी दुर्बीण लख्ख झाली होती. त्यांनी ती दुकानाच्या दारातून समोरच्या लिंबाकडं धरली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही.

"अनंतराव," ते म्हणाले, "त्या साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळं हाय. रोज बघतो, पण कधी दिसलं न्हाय बघा. मला बी न्या की तलावावर."

तिथून आमचं सुरू झालं. किती हिवाळे गेले ते सांगता येणार नाही. रविवारी पहाटे सायकली काढायच्या, भरावाखालच्या बाभळीला टेकवायच्या आणि ओल्या गवतावर पोतं टाकून बसायचं. दुर्बीण एकच. त्यामुळं एक रीत आपोआप पडली: ज्याला पक्षी आधी दिसेल त्यानं काही बोलायचं नाही, मुकाट्यानं दुर्बीण दुसऱ्याच्या हातात द्यायची. दोघांनी पाहिल्यावर बोलायचं. त्यात मी माझा एक नियम घातला. नवा पक्षी असेल तर तो उडेपर्यंत, पंख उघडून दिसेपर्यंत त्याचं नाव घ्यायचं नाही. बसलेला पक्षी फसवतो, असं मी पुस्तकात वाचलं होतं आणि ते रशीदभाईंना पुन्हा पुन्हा ऐकवायचो.

ते माझी टर उडवायचे. "तुमच्या हापिसात फाईल उघडंना, म्हणून माणसं ताटकळत बसत्यात. हितं पंख उघडंना म्हणून आपण बसलोय. तुमच्या नशिबात सगळं उघडायची वाटच बघायची हाय."

त्यांच्यापेक्षा मला पक्ष्यांतलं जास्त कळायचं, हे मी इथं लिहून ठेवतो. नंतर जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणाला वाटू नये.

त्या हिवाळ्यात थंडी लवकर पडली होती. शाळू पोटऱ्यात आला होता. पहाटे धुकं इतकं दाट असायचं की पाण्याचा काठ कुठं संपतो ते पायाला ओल लागल्यावर कळायचं. वेळा अमावस्येच्या आदल्या सकाळी आम्ही पोत्यावर बसलो होतो. धुक्यात क्रौंचांच्या राखाडी आकृत्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक पांढरा पक्षी होता. उंच. तोंड आमच्याकडं. लाल चोच, पाणी हललं की दिसणारे लाल पाय.

दुर्बीण माझ्याकडं होती. मी ती रशीदभाईंकडं दिली नाही. डोळ्यावरून ती खाली घ्यायचंच सुचेना. सायबेरियातला पांढरा क्रौंच मी चित्रात पाहिला होता. तो उत्तरेत यायचा, तोही आता दिसेनासा झाला होता, एवढं वाचलेलं होतं. आमच्याकडं त्यानं येण्याचं काही कारण नव्हतं. पण समोर तर होता.

"काय हाय? द्या की," रशीदभाई म्हणाले.

"सायबेरियन क्रौंच," मी म्हणालो. नाव तोंडातून गेलंसुद्धा.

त्यांनी दुर्बीण घेतली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "उडू तर द्या," ते म्हणाले. "पाठ बी दिसंना अजून." धुकं आणखी दाटलं आणि सगळंच झाकून गेलं. मी थांबलो नाही. गावात येऊन पेपरच्या वार्ताहराला गाठलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं. खात्यात इतकी वर्षं काढली, पण माझं पूर्ण नाव इतक्या आदरानं कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या. आमच्याकडं त्या दिवसाला येळवस म्हणतात. सगळं गाव शेतात जाऊन जेवतं, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात पांडव मांडून पुजायचे, आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. दर येळवशीला रशीदभाई आमच्या शेतात जेवायला असायचे. त्या दिवशी जेवणाआधी आम्ही भरावावर गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. धुक्याचा मागमूस नव्हता. क्रौंच शेतात गेले होते आणि तो पांढरा पक्षी एकटाच उथळ पाण्यात उभा होता, आता पाठ करून. पंखांच्या टोकांना, शेपटीवर, काळं दिसत होतं. मग कुणाच्या तरी शेतात आरोळी उठली आणि तो उडाला. पुरते पंख पसरून आमच्या डोक्यावरून गेला. खांद्याकडं पांढरा आणि मागची सगळी कड कोळशासारखी काळी, टोकापासून अंगापर्यंत. सायबेरियन क्रौंचाचं फक्त पंखांचं टोक काळं असतं. हा श्वेत बलाक होता. थंडीत दख्खनवर येणारा, कमी दिसणारा, पण दिसणारा पक्षी.

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आभाळाकडं बघत राहिलो.

"बलाक," ते म्हणाले.

"हा दुसरा असेल," मी म्हणालो. "कालचा निघून गेला असेल."

त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. मग हसून म्हणाले, "बरं, दोन असतील. चला, भज्जी गार होतीय." जेवताना सगळ्यांसमोर त्यांनी विषय काढला नाही. हात धुवायला विहिरीकडं गेलो तेव्हा मात्र हळूच म्हणाले, "पेपरवाल्याला सांगून टाका, चुकलं म्हणावं. कोण फाशी देतंय? बलाक बी काय वाईट न्हाय."

मी "बघू" म्हणालो.

माणसाला खोटं बोलायला नेमका किती वेळ लागतो, याचा मी नंतर खूप विचार केला. त्या विहिरीपाशी मी अजून खोटा नव्हतो, फक्त चुकलेला होतो. पोटात भज्जी होती, समोर मित्र होता, आणि वार्ताहराचं शेत सायकलवर काही फार लांब नव्हतं. मी त्या दुपारी कोपीच्या सावलीत पडून राहिलो. झोप लागली, चांगली गाढ लागली.

सकाळी पेपरात आलं. माझा फोटो होता, ओळखपत्रावरचा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. मग पुणे-सोलापूरकडची पक्षी बघणारी मंडळी जीपनं आली. त्यांच्या तिकाटण्यावरच्या मोठमोठ्या दुर्बिणी बघायला बाजारपेठेतली पोरं जमली. तलावावर त्यांना काही मिळालं नाही. बलाक तोवर निघून गेला होता. परत येऊन ती मंडळी रशीदभाईंच्या दुकानासमोरच्या चहाच्या हॉटेलात बसली. मी मधोमध. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थानं अगदी सरळपणे विचारलं, "तुम्ही एकटेच होतात का?"

मी काही म्हणायच्या आत हॉटेलवाला म्हणाला, "न्हाय, रशीदभाई होते की. ओ रशीदभाई, या हिकडं!"

ते रस्ता ओलांडून आले. कपाळावर भिंग तसंच होतं. त्यांना प्रश्न विचारला गेला. ते माझ्याकडं पाहत क्षणभर थांबले; मला वाटतं, मी बोलावं म्हणून थांबले. मग म्हणाले, "साहेब, म्या बलाक पाहिला. दुसऱ्या दिवशी उडाला आमच्या डोक्यावरनं. पंखाची मागची कड सगळी काळी."

भज्याच्या कढईचा आवाज तेवढा येत होता. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मी हसलो.

"रशीदभाईंचं मनावर घेऊ नका," मी म्हणालो. "डोळ्यांत मोती उतरलाय त्यांच्या. परवा बगळ्याला चमचा पक्षी म्हणाले."

सगळे हसले. हॉटेलवाला, गिऱ्हाईकं, पाहुणेसुद्धा. वाक्य चांगलं जमलं होतं. रशीदभाई तेवढे हसले नाहीत. त्यांनी कपाळावरचं भिंग काढून हातात घेतलं, "असंल बाबा," म्हणाले आणि रस्ता ओलांडून दुकानात गेले.

मी जे बोललो ते पक्ष्याबद्दल होतं, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. पण बाजाराला पक्ष्याशी काय देणंघेणं? बाजारानं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. घड्याळजीच्या डोळ्यांत मोती उतरलाय. आधी एका गुरुजींनी दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ तसंच परत नेलं. मग बायकांची नाजूक, चावीची घड्याळं यायची बंद झाली. रशीदभाई दुकानाच्या दारात बसून दिसेल त्याला वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात वाचून दाखवायचे, असं मी ऐकलं. लोक म्हणायचे, पाठ केली असंल. दोन-तीन पावसाळ्यांत दुकानावरची पाटी उतरली आणि ते मेव्हण्याच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला बसायला लागले. जी बोटं केसाएवढ्या कमानी उचलायची ती रबराच्या चिकटीनं काळी झालेली मी पाहिली आहेत. मी हवा भरायला दुसऱ्या दुकानात जायचो.

माझ्या बायकोला यातलं पूर्ण कधीच माहीत नव्हतं. पण बाजारातली गोष्ट तिच्या कानावर आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "काय तरीच बोलत्यात लोक. येळवशीला माझ्या सुईत त्यांनीच दोरा ओवून दिला, एका झटक्यात." मी ताटावरून उठलो. तिला वाटलं भाजी तिखट झाली. ती आता नाही. असती तर हे लिहायच्या आधी तिला सांगितलं असतं.

नंतर मोबाईल आले. मनगटावरची घड्याळं गेली. तेव्हा मला हायसं वाटलं, हे लिहायला जड जातं. रशीदभाईंचा धंदा तसाही बसणारच होता, असं मी मनात म्हणायला लागलो. पण धंदा बसणं वेगळं आणि आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसानं आपलं घड्याळ मागं ओढून घेणं वेगळं.

तलावावर मी जात राहिलो. एकटाच. शेकाटे लाल काड्यांसारख्या पायांवर उभे असायचे, संध्याकाळी शिकारी भोवत्या गवतावरून खाली खाली तरंगत जायच्या, पट्टकदंब हंसांचे थवे चंद्राच्या उजेडात हरभऱ्यात उतरायचे. काही चांगलं दिसलं की मी दुर्बीण डोळ्यावरून काढून उजवीकडं हात लांब करायचो. हात तसाच हवेत राहायचा. इतक्या वर्षांत ती सवय गेली नाही.

मागच्या महिन्यात इथल्या कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक घरी आले. पोरगं गुणी आहे. विद्यार्थ्यांना घेऊन तलावावर जातो, प्लास्टिक वेचतो. भरावावर माहितीचा फलक लावायचा ठरलाय म्हणाला. मोबाईलवर त्यानं मजकूर दाखवला. क्रौंचांचं चित्र, चक्रवाकाचं चित्र आणि खाली एक ओळ: या तलावावर दुर्मिळ सायबेरियन क्रौंच दिसला होता. पुढं माझं नाव.

"अनावरण तुमच्याच हातून, सर," तो म्हणाला.

मी बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिलो. मग म्हणालो, "हे खोटं आहे. तो श्वेत बलाक होता."

त्याला वाटलं मी विनय करतोय. मी पुन्हा सांगितलं. धुकं, पाठमोरा पक्षी, काळी कड, सगळं. तो गोंधळला. म्हणाला, "त्या धुक्यात चूक कुणाचीही होईल, सर. काढतो मी ती ओळ." आणि माझ्यासमोर अंगठ्यानं ती ओळ पुसली. इतकंच. मग त्यानं चहा घेतला आणि पट्टकदंबांच्या वाटेबद्दल काहीतरी विचारलं. मला ऐकू येत नव्हतं. ज्या ओळीपायी मी एक माणूस गमावला ती पुसायला एवढंच लागत होतं. आणि रशीदभाईंच्या डोळ्यांची गोष्ट तर कुठल्या फलकावर नव्हतीच. तिथं पुसायला कुणाचा अंगठा जाणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात उन्हाला खाट टाकून बसले होते. दाढी पांढरीशुभ्र, डोळ्यांवर जाड चष्मा. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली आणि लगेच ओळखलं.

"या, अनंतराव. बसा. लई दिवसांनी." जणू मी गेल्या रविवारी येऊन गेलो होतो. मग चष्म्याला बोट लावून म्हणाले, "ऑपरेशन झालं गेल्या साली. तुम्ही सांगितला होता तो मोती उतरला बघा शेवटी. जरा उशीर झाला त्याला."

मी खाटेच्या कडेवर बसलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं गेलं. "रशीदभाई, तो बलाक होता," मी म्हणालो.

"व्हय."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. भरावावर."

"ते बी माहिती हाय. पक्षी गेल्यावर म्या तुमच्या तोंडाकडंच बघत होतो की."

त्यांची लेक शबाना चहा घेऊन आली. इथंच झेडपीच्या शाळेत शिकवते. सुट्टी होती म्हणून घरी होती. तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि वडिलांना विचारलं, "अब्बा, हेच का ते?"

"हेच. पक्ष्यांचे मास्तर."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "काका, शाळेत मला आंधळ्या घड्याळजीची पोरगी म्हणायचे. मी घरी येऊन अब्बांना गणिताचं पुस्तक लांब धरून वाचायला लावायचे. खरंच दिसतंय का बघायला. अब्बा सगळं वाचायचे. तरी दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावायचे."

रशीदभाई म्हणाले, "जाऊ दे ग. चहात साखर कमी हाय, ते बघ आधी."

ती आत गेली. मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. गल्लीतून कुणीतरी शेळ्या हाकत गेलं. मग म्हणाले, "माझी माफी घेऊन म्या काय करू? म्या तर पक्षी पाहिला होता. माझ्या डोळ्यांचं मला ठावं हायच. हाटेलात बोलला होता न्हवं? चार माणसांत, चांगलं ठसक्यात? मग आता माझ्या अंगणात येऊन हळू आवाजात का बोलायलाव?"

चहा संपवून उठलो. दारापर्यंत ते आले नाहीत.

बाजारच्या दिवशी मी त्या हॉटेलात गेलो. आता ते हॉटेलवाल्याचा मुलगा चालवतो. समोर घड्याळांचं दुकान होतं तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. आत गर्दी होती, भाजीच्या पिशव्या पायांत, भज्यांचा वास. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला एक सांगायचंय." कुणी पाहिलं नाही. आणखी मोठ्यानं म्हणालो तेव्हा मुलानं गल्ल्यावरून विचारलं, "काका, चक्कर आली का?"

मी सांगितलं. इथंच, याच जागी मी म्हणालो होतो की रशीद घड्याळजीच्या डोळ्यांत मोती उतरलाय. ते खोटं होतं. त्यांचे डोळे त्या वेळी ठणठणीत होते. बलाक त्यांना बरोबर दिसला होता, मी खोटं बोललो.

"कोण रशीद? सायकलवाला?" एकानं विचारलं.

"न्हाय रं, आधी घड्याळं करायचा तो."

"बलाक म्हंजी काय?"

"पक्षी हाय म्हणत्यात."

"मग पक्षी तो पक्षी. त्यात खोटं काय नि खरं काय? काका, बसा, पाणी प्या."

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं होतं. मला तेव्हा कळलं की ज्यांना सांगायचं होतं ती माणसं बहुतेक गेली आहेत. जी समोर होती त्यांना ना घड्याळ आठवत होतं ना घड्याळजी. उशीर केला की खरं बोलायला माणूसच उरत नाही. मी खाली बसलो.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून आवाज आला. "डोळे नीट होते म्हणालाव?"

भांगे अण्णा होते. एकेकाळी त्यांचं आडतीचं दुकान होतं. आता मुलं बघतात, हे बाजारच्या दिवशी सवयीनं येऊन बसतात. माझ्यापेक्षा वयानं मोठे.

"नीट होते, अण्णा."

"मग म्या माझ्या बापाचं घड्याळ त्याच्याकडनं उचलून सोलापूरला का नेलं?"

अण्णांनी बोट माझ्याकडं रोखलं.

"तुमच्या बोलण्यावर नेलं. त्यानं उघडून ठेवलं होतं, पुर्जे मांडून. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे, आहे तसं दे. एका शब्दानं बोलला न्हाय गडी. कागदात बांधून दिलं. सोलापूरवाल्यानं पार वाट लावली त्याची. तवापासनं कपाटात पडलंय." ते काठी शोधायला लागले. "चला, दाखवा त्याचं घर."

"अण्णा, आज बाजार आहे, उन्हाचं..."

"बाजार दर आठवड्याला असतोय. उठा."

आधी त्यांच्या घरी गेलो. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्यांनी बंडीच्या खिशात घातलं आणि वाटभर खिशावर हात ठेवून चालले. दोन्ही गुडघे दुखत असल्यानं मध्येमध्ये थांबत होते आणि थांबले की मला शिव्या देत होते, अगदी मायेनं नाही. मी ऐकून घेत होतो. पोचलो तेव्हा अंगणातलं ऊन सरलं होतं. रशीदभाई आतल्या खोलीत होते. अण्णा काठी दाराशी टेकवून, हाक मारत सरळ आत गेले. माझा पाय उंबऱ्यावरून पुढं गेला नाही.

आत बोलणं सुरू झालं. अण्णांचं मोठ्यानं, रशीदभाईंचं हळू. मग रुमाल सोडल्याची सळसळ आणि मागोमाग रशीदभाईंचा आवाज, इतका चढलेला की मी कधी ऐकला नव्हता.

"या अल्ला. हे कुणी उघडलं होतं? घड्याळजी होता का खाटीक?"

"सोलापूरला दिलं होतं," अण्णा म्हणाले.

"तरीच. ही कमान बघा कशी मुरगळलीय. शबाना, ती माळ्यावरची पेटी काढ ग. आणि भिंग. बघू तर, हात ऐकत्यात का."

पेटी खाली आली. झाकण उघडलं. मी दारातून बघत होतो: रशीदभाईंनी चष्मा काढून भिंग डोळ्याला लावलं होतं, घड्याळ पार नाकाजवळ धरलं होतं आणि अण्णा श्वास रोखून वाकले होते. आतलं काही केल्या नीट दिसेना म्हणून रशीदभाईंनी घड्याळ इकडं वळवलं, तिकडं वळवलं, आणि मान न उचलता म्हणाले,

"दारातल्यांना म्हणावं, जरा बाजूला सरा. उजेड अडायलाय."

मी बाजूला सरलो.